धोडप उतरताना

दर जानेवारीत वर्तमानपत्रांत एक चौकट येते: निफाडचा पारा घसरला. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला असतो. तो पाच अंशांखाली उतरला की मुंबई-पुण्याचे नातेवाईक आम्हाला फोन करून विचारतात, जिवंत आहात ना? ओझर निफाड तालुक्यातच येतं, त्यामुळे त्या थंडीत आमचाही वाटा असतो. पेपरात नाव मात्र निफाडचं होतं. अशाच एका चौकटीच्या दिवशी, पहाटे पावणेपाचला, माझी भाची ओसरीवर उभी राहून म्हणाली, "मामा, झालं का? आणि हे कसले बूट घातलेत?"

बूट पळायचे होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा घेतलेले, तळ गुळगुळीत झालेले. तिच्या पायांत ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट होते, सह्याद्रीत भटकणाऱ्या निम्म्या पोरांच्या पायांत असतात तेच. किमतीला माझ्या बुटांपेक्षा स्वस्त, आणि तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखी नक्षी.

"आणि नखं? काल सांगितलं होतं कापायला."

सांगितलं होतं खरं. मी नेलकटर घेऊन बसलोही होतो. पण वार शनिवार, वेळ रात्रीची. आईने हातातलं नेलकटर काढून घेतलं. शनिवारी नाही आणि रात्री तर नाहीच. बावन्नाव्या वर्षीही आमच्या घरात हा कायदा मोडता येत नाही.

भाची सव्वीस वर्षांची. पुण्यात नोकरी करते, आणि नोकरीतून उरलेला वेळ डोंगरात घालवते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत तिने बेसिक कोर्स केला आणि मागच्या हिवाळ्यात दोन आठवडे गुलमर्गला राहून स्कीइंग शिकून आली. मी तीस वर्षं मिगमध्ये आहे. एचएएलच्या कारखान्याला आणि त्याच्या वसाहतीलाही ओझरला लोक मिगच म्हणतात. १९६४ मध्ये तो मिग-२१ विमानं बांधायला उभा राहिला. पुढे सुखोई आली, ती जुनी विमानं हवाई दलातून निवृत्तही झाली, नाव काही बदललं नाही. नाशिक जिल्ह्यात साठांवर किल्ले आहेत आणि त्यातले बरेचसे मी पाहिले आहेत, खालून. चढण म्हणून माझ्या खात्यावर एकच गोष्ट जमा होती: वणीचा गड, तोही नवरात्रात, जेव्हा आपण चढत नाही, गर्दी आपल्याला वर नेते.

संक्रांतीसाठी ती आजोळी आली होती. शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर गुलमर्गचे व्हिडिओ दाखवत बसली. डोंगरावरून सुसाट खाली येणं म्हणजे स्कीइंग, एवढंच आपल्याला हिंदी सिनेमातून ठाऊक. तिला जास्त आवडलं होतं ते दुसरं, बर्फावरचं चालणं. लांब, अरुंद पट्ट्या पायांखाली; बूट पुढच्या बाजूने पट्टीला अडकवलेला आणि टाच मोकळी. हातात दोन काठ्या. दिवसभर असं सरकत सरकत झाडांमधून जायचं. बर्फाळ मुलखातली माणसं हजारो वर्षं एका गावाहून दुसऱ्या गावाला अशीच जात आली. खेळ तो फार नंतर झाला. "पहिल्या दिवशी काय शिकवलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "पडायला. आणि पडल्यावर उठायला." तिची मामी हसली. मी म्हणालो, आपल्याकडे असलं काही नाही, बर्फच नाही तर. त्यावर तिने सांगितलेलं वाक्य मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं नव्हतं. "आहे की मामा. आपल्याकडे घसारा आहे. उद्या चला धोडपला."

ओझरहून आग्रा रोडला लागलं की धोडपच्या पायथ्याचं हट्टी गाव साधारण तासाभरावर. बाणगंगेच्या पुलापासून पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात त्या संपतच नाहीत. अंधारात बागांच्या कडेला शेकोट्या दिसत होत्या. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत या सुमाराला मण्यांची फुगवण चालू असते. कडाक्याच्या थंडीत ती थांबते आणि काही वेळा मण्यांना तडे जातात. म्हणून शेतकरी पहाटे उठून पालापाचोळा पेटवतो, धूर बागेवर राहील असा, आणि ठिबक सोडतो, कारण विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा ऊबदार असतं. गाडीच्या उजेडात एका बागेतले घड दिसले. प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी यांच्या ओढाताणीत हिरवा मणी गुलाबी पडतो, मग निर्यातीला चालत नाही. कागदाने तो वाचतो. निफाडच्या पाऱ्याची बातमी छापलेला कागद त्याच थंडीपासून घड राखायला जातो, हे मला फार आवडलं. भाचीला आवडलं नाही. ती म्हणाली, "मामा, समोर बघून चालवा."

पिंपळगाव बसवंत मागे टाकलं. कुसुमाग्रज लहानपणी इथे शाळेत होते. पुढे वडाळीभोईला डावीकडे वळून धोडंबे. तिथे वटेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. येताना थांबू म्हणालो आणि येताना थांबण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. धोडंब्याहून हट्टीच्या वाटेला लागलो तोवर पूर्वेला फटफटलं होतं आणि धोडप दिसायला लागला.

त्याला एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही. समोरून पाहिलं तर मोठ्या पिंडीवर ठेवलेलं शिवलिंग. जरा बाजूला सरकलं की तेच लिंग लांबट होऊन त्याला शेपटासारखी एक उभी भिंत फुटते, आणि त्या भिंतीत मधोमध कुणी कुऱ्हाडीने घाव घालून ढलपा उडवावा तशी खाच. उंची साडेचौदाशे मीटरच्या आसपास. साल्हेर, म्हणजे राज्यातला सगळ्यांत उंच किल्ला, १५६७ मीटर. त्याच्या मानाने हा फार खाली नाही.

हट्टीत देवळापाशी गाडी लावली. एक म्हातारेबाबा शेकोटीशी बसले होते, शेजारी दुधाचे कॅन. "कुठून आले?" "ओझरहून." "मिगचे का?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिलं आणि पुढचं सगळं भाचीलाच सांगितलं. "ताई, वर टाक्यात पाणी आहे, पण गाळून घ्या. गवत वाळलंय, सांभाळून. आन एकच्या आत निघा खाली, वारं सुटतं."

सात वाजता चालायला लागलो. दोघांच्या पाठीवर तीन-तीन लिटर पाणी, एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर, बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा, गुळपोळ्या, टॉर्च, माझ्यासाठी एक काठी. काठी मला अपमानास्पद वाटली होती. ती मी पहिला अर्धा तास काखेत धरून चाललो.

पहिला टप्पा शेतांच्या बांधावरून, मग झुडपांतून जाणाऱ्या मळलेल्या वाटेचा. भाची इतकी हळू चालत होती की मला लाज वाटायला लागली. वाटलं, माझ्यासाठी हळू चालते आहे. म्हणून मी तिच्या पुढे गेलो. वीस मिनिटांनी एका दगडावर बसलो. छाती भात्यासारखी, कानांत ठोके, आणि अंगात स्वेटरच्या आत घामाची आंघोळ. ती त्याच चालीने आली, थांबली नाही, जाता जाता म्हणाली, "स्वेटर काढा, सॅकमध्ये टाका. थंडी वाजेल एवढे कमीच कपडे घालून चालायला सुरुवात करायची. आणि माझ्यामागून या."

मग तिने चालायचं कसं ते सांगितलं. इतकी वर्षं चालतो आहे, मला चालायला कुणी शिकवलं नव्हतं. बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा. वाक्य मधे तुटायला लागलं की वेग जास्त झाला. पाऊल लहान. चढावर सुद्धा शक्य तिथे पूर्ण तळवा टेकवायचा, चवड्यांवर चढलं की पोटऱ्या लवकर जातात. मागचा पाय सरळ झाला की त्यावर क्षणभर उभं राहायचं आणि मग पुढचा उचलायचा. तो क्षणभर म्हणजेच विश्रांती, वेगळी बसायची गरज नाही. बसलंच तर पाच मिनिटांच्या वर नाही, अंग गार पडतं. हे तिने शिकवणीच्या सुरात सांगितलं नाही. पुढे चालत, पाठमोरी, घरी वाटाणे सोलताना बोलावं तसं सांगत होती. मी नियम मोजत होतो आणि मोजता मोजता चढत होतो.

तासाभराने एक रुंद पठार लागतं. पडक्या बुरुजांची जोडी, एक विहीर, गवतात हरवलेली घरांची जोती, देऊळ. एकेकाळी इथे मोठी वस्ती होती हे जोत्यांवरून कळतं. ऊन आता अंगावर आलं होतं. सगळा डोंगर पिवळा. धोडप ज्या रांगेत आहे त्या सातमाळ्याचा हिवाळा हिरवा नसतो. पावसाळ्यात कमरेपर्यंत वाढलेलं गवत वाळून उताराच्या दिशेने झोपतं, भांग पाडल्यासारखं. फोटोत फार छान दिसतं. त्याच्यावर पाय ठेवला की ते साबण होतं, हे फोटोत येत नाही.

पठारापुढे वाट उभी होते. कातळात एका जागी लोखंडी शिडी आहे, पुढे खोदीव पायऱ्या. शिडीपाशी मी जरा रेंगाळलो. भाचीने कारण विचारलं नाही. "दोन हात, दोन पाय, चार झाले. एका वेळी एकच हलवायचा, तीन धरलेले पाहिजेत. आणि मी पूर्ण वर जाऊन बाजूला झाले की मग तुम्ही. बरोबर माझ्याखाली उभे राहू नका. माझ्या पायाखालून काही सुटलं तर मी 'दगड' म्हणून ओरडेन, तेव्हा वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं." आपण स्वाभाविकपणे वर बघतो. दगड तोंडावर येतो तो त्यामुळे.

पायऱ्या संपता संपता दरवाजा, आणि दरवाजाशी दगडात कोरलेला फारसी लेख. शाहजहानच्या काळात मोगलांचा सरदार अलावर्दीखान या रांगेत आला आणि सातमाळ्यातले किल्ले त्याने एकामागून एक घेतले, त्यातला हा एक. पुढे तो मराठ्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. पण धोडपचं नाव इतिहासात राहिलं ते आपसातल्या भांडणामुळे. राघोबादादा पुतण्यावर, थोरल्या माधवरावांवर, रुसून फौज जमवून इथे आले. बरोबर होळकरांचे दिवाण गंगोबातात्या, गायकवाडांची माणसं. १० जून १७६८ रोजी माधवरावांनी पायथ्याशी हल्ला चढवला, दादांची फौज उधळली, दादा गडावर चढले. आणि काही दिवसांत खाली उतरले ते कैदी म्हणून. पुण्याला नेऊन त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. अटकेकडे घोडी नेणारा माणूस या किल्ल्यावरून असा उतरला. जूनचे दिवस, पावसाला सुरुवात, वाट निसरडी. तो उतार दादांनी कसा काढला असेल, असा विचार माझ्या डोक्यात दुपारी आला. सकाळी तो येण्याचं काही कारण नव्हतं, सकाळी मी फक्त चढत होतो.

वाड्याचे अवशेष ओलांडून दहाच्या सुमारास आम्ही मुख्य सुळक्याच्या पोटातल्या गुहेपाशी पोहोचलो. गुहेत देवी आहे. भटके मुक्कामही इथेच करतात. शेजारी खोदलेलं टाकं, पाणी गार, वर पाकोळ्या कातळालगत गिरक्या घेत होत्या. सुळक्याच्या माथ्यावर दोर आणि साधनं असल्याशिवाय जात नाहीत, आम्ही तो प्रश्नच काढला नाही. देवीपुढे नारळ ठेवलेले होते, आणि दोन पावलांवर चिप्सच्या रिकाम्या पुड्या. भाचीने पुड्या उचलून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात भरल्या. रागावलीही नाही, सवयीने केलं.

गुहेपासून माचीवर जायचं. खालून जी शेपटासारखी भिंत दिसत होती, तिच्याच डोक्यावरून. इथे मी एक गोष्ट समजून घेतली जी शाळेत भूगोलाच्या तासाला समजली नव्हती. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी बनलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. थर आडवे, एकावर एक, भाकऱ्यांच्या चळतीसारखे. त्या चळतीला उभ्या भेगा पडल्या आणि खालून आणखी लाव्हा येऊन त्या भेगांत भरला, थिजला. भूशास्त्रात त्याला डाइक म्हणतात. भोवतालचे थर लाखो पावसांनी झिजून गेले. भेगेत भरलेला दगड टणक, तो उरला. म्हणजे आम्ही चाललो होतो ती भिंत कुणी बांधलेली नाही, आणि एका अर्थाने ती उभीही राहिलेली नाही. तिच्या आजूबाजूचं सगळं खाली गेलं आहे. दोन्हीकडे सरळ तुटलेले कडे. रुंदी चालायला पुरेशी आहे, पण वारं बाजूने येत होतं आणि माझे पाय मला न विचारता एकमेकांजवळ यायला लागले.

"मामा, पाय फाकवून चाला. बदकासारखं. कुणी बघत नाही इथे."

खाचेपाशी वाट संपते. ढलपा उडाल्यासारखी जी खाच रस्त्यावरून बोटभर दिसली होती, तिच्या काठावर उभं राहिल्यावर समजलं की तिच्यात आमच्या वसाहतीतली इमारत बसेल. पलीकडे भिंत तशीच पुढे चालू. आम्ही काठापासून चार हात मागे बसलो. भाचीने मला पोटावर झोपून पुढे सरकत खाली बघायला लावलं, माझ्या घोट्यावर स्वतःचा पाय ठेवून. खालून वारं वर येत होतं, तोंडावर, आणि त्यात वाळलेल्या गवताच्या काड्या वरच्या दिशेने उडत होत्या. पाऊस उलटा पडावा तशा.

जानेवारीतली हवा स्वच्छ असली की धोडपवरून नाशिक जिल्ह्याचा नकाशाच दिसतो. पूर्वेला कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई आणि चांदवडच्या बाजूचे डोंगर. पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंगी, मग अचला, अहिवंत. उत्तरेला बागलाणात पार साल्हेरपर्यंत. कांचनाच्या अंगाने जाणारी खिंड भाचीने दाखवली. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज परतत असताना दाऊदखान कुरेशीने त्यांना याच मुलखात गाठलं, १७ ऑक्टोबरला लढाई झाली आणि महाराज लुटीसह पुढे निघून गेले. वणी-दिंडोरीची लढाई म्हणून ती पुस्तकात असते. खिंड बघितल्यावर कळतं की पुस्तकात ती दोन ओळींची का वाटते: खिंड दिसत नाही म्हणून. लूट लादलेली जनावरं, रात्रीची वाट, आणि समोर असली भिंत.

भाकऱ्या खाल्ल्या. थंडीत ठेचा आणि बाजरी यांच्यापुढे दुसरं काही नको. मला तिथेच ऊन खात पडावंसं वाटत होतं, पण साडेअकराला तिने डबे भरले. मी म्हणालो, अजून एक वाजायला दीड तास आहे. ती म्हणाली, "एक वाजता आपण पठारावर असायला पाहिजे, इथे नाही. चढायला दम लागतो, तो पाच मिनिटं बसलं की परत येतो. उतरायला अक्कल लागते, ती बसून येत नाही. बुटांच्या नाड्या सोडा आणि परत घट्ट बांधा. टाच मागे ठोकून घ्या, आणि मग घोट्यापाशी आवळा, म्हणजे पाय पुढे सरकणार नाही."

मी नाड्या बघितल्यासारखं केलं. वाकलो, गाठ चाचपली, उठलो. पोट भरलेलं होतं आणि गाठ ठीकच वाटत होती.

पायऱ्या आणि शिडी उतरताना काही झालं नाही. तोंड कातळाकडे, तीन धरलेले, एक हलता. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. मग आला घसारा.

घसारा म्हणजे काय ते न गेलेल्याला सांगायचं तर, बांधकामावर खडीचा ढीग असतो, तो अर्धा डोंगर उंच करा, त्यावर माती भुरभुरा आणि वर वाळलेलं गवत अंथरा. चढताना याच तुकड्यावरून आलो होतो, तेव्हा जाणवलाही नव्हता. आता उतार समोर पसरला, आणि शरीराने जे सुचेल ते केलं: मागे रेललं. भीती वाटली की माणूस डोंगराकडे झुकतो, भिंतीला पाठ लावायला बघतो. मागे रेललं की वजन टाचांच्याही मागे जातं आणि पाऊल हलकं होतं. हलकं पाऊल खडीवर टिकत नाही. पहिल्या दहा पावलांत मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा वाचण्यासाठी बाजूचं गवत धरलं, ते मुठीत आलं, आणि मी पाठीवर चार-पाच हात घसरत गेलो. खडीचा आवाज, धूळ, आणि डाव्या तळहाताची साल गेली. काठी माझ्याआधी खाली पोहोचली.

भाची खाली, जरा बाजूला उभी होती. बरोबर खाली नाही. "लागलं?" "नाही." "मग बसूनच रहा एक मिनिट, उठू नका. असंच पडायचं असतं, बुडावर. पुढे पडणारा डोकं फोडून घेतो." मग ती वर आली, माझ्या शेजारी उभी राहिली, आणि तिचं शनिवारचं वाक्य मला तिथे समजलं.

बर्फावर पहिल्यांदा उभा राहणारा माणूस नेमकं हेच करतो, ती म्हणाली. उताराची भीती वाटते म्हणून मागे झुकतो, पट्ट्यांची टोकं हलकी होतात, त्या ऐकत नाहीत, आणि तो बसतो. गुलमर्गला तिचे दोन दिवस यातच गेले. शिकवणारा एकच गोष्ट ओरडायचा: गुडघे वाकवा, नाक पायांच्या बोटांवर आणा. जिकडे जायची भीती वाटते, तिकडेच झुकायचं. "आपला घसारा तसाच. सरकणारच आहे तो, त्याला थांबवू नका. पाऊल टाकलं की वीतभर सरकू द्या, थांबेल, मग दुसरं. टाच आधी, जोरात, खिळा ठोकल्यासारखी. गुडघे नरम. उतार फारच तीव्र असेल तर आडवे व्हा आणि खेकड्यासारखं उतरा, बुटाची वरच्या बाजूची कड रोवत. काठी बाजूला नाही, पुढे. आणि गवत धरायचं नाही. गवताला तुमचं वजन माहीत नाही."

ऐकायला सोपं. करताना पोटात गोळा येतो, कारण शरीराला पटत नाही. पहिलं पाऊल मी तिच्या सॅकचा पट्टा धरून टाकलं. टाच खडीत गेली, खडी सरकली, मी तिच्याबरोबर सरकलो, आणि थांबलो. उभाच होतो. दुसरं. तिसऱ्याला पट्टा सोडला. विसाव्या-पंचविसाव्या पावलाला एक ताल लागला: ठोक, सरक, थांब. ठोक, सरक, थांब. तेवढा तुकडा, असेल तीनशे पावलांचा, मी उभ्याने उतरलो, आणि मधे एकदा दोन पावलं सलग सरकलो तेव्हा, खरं सांगतो, मजा आली. खाली येऊन वळून पाहिलं. आमच्या सरकण्याचे दोन माग पिवळ्या उतारावर शेजारी शेजारी उमटले होते, एक सरळ आणि एक वेडावाकडा, वरच्या बाजूला बसल्याच्या दोन-तीन जागांसह.

पठारावर एक वाजून दहा मिनिटांनी आलो. वारं खरंच सुटलं होतं, म्हातारेबाबांनी सांगितल्यासारखं; वरच्या माचीवरून त्याची शीळ खाली ऐकू येत होती. पुढची वाट साधी, पण माझे गुडघे कापायला लागले होते. चढताना जे स्नायू आखडून उचलतात, तेच उतरताना ताणले जात असताना वजन पेलतात. शिवणकामाच्या मशीनची सुई जशी वरखाली होते तसा माझा उजवा पाय उभ्या उभ्या हलत होता. भाचीने लिंबूपाणी पाजलं आणि विषय बदलला. नोकरीतल्या तिच्या साहेबाच्या गोष्टी सांगत तिने मला हट्टीपर्यंत आणलं. चढायला तीन तास लागले होते. उतरायला, खाचेपासून धरलं तर, साडेतीन लागले. हे गणित मिगमध्ये सोमवारी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही.

म्हातारेबाबा देवळापाशीच होते. माझा तळहात बघून त्यांनी घरातून हळद आणवली. चहा दिला, पैसे घेतले नाहीत. मग माझ्या पायांकडे बोट करून भाचीला म्हणाले, "बूट बदलायला लावा यांना."

गाडी परत येताना तिने चालवली. वडाळीभोईच्या अलीकडे मी झोपलो, त्यामुळे वटेश्वर राहिला, आणि शिरवाडे फाटा कधी गेला कळलं नाही. ओझरला पोहोचल्यावर बूट काढले तेव्हा उजव्या अंगठ्याचं नख जांभळं झालेलं दिसलं. सैल नाड्या आणि वाढलेलं नख. उतारभर पाय पुढे सरकून बुटाच्या टोकावर आपटत होता. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, बघ, नख कापलं असतंस शनिवारी तर काहीतरी मोठं झालं असतं. भाचीने माझ्याकडे पाहिलं, पण आजीपुढे ती काही बोलली नाही.

नवे बूट मी त्याच आठवड्यात घेतले. नख होळीच्या सुमाराला गळून पडलं.